कड्यावरून पडल्यावर

भाचा कोथरूडहून फासे घेऊन आला तेव्हा मला वाटलं, सापशिडी असेल. पण त्यातला एक फासा वीस बाजूंचा निघाला. "मामा, हे डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी ती बिघडवायची." गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली हा उद्योग बाजारात आणला.

गोष्ट रचायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात 'वीरधवल' कादंबरी वाचलेला मी एकटाच. राज्यही साहजिकच त्याच वळणाचं झालं: भुयारं, वेषांतरं, एक मांत्रिक आणि मध्ये थेट आपला सिंहगड. ड्रॅगन घातला नाही. रविवारी गडावर त्याला उतरायला जागा कुठे मिळणार?

घोडं अडलं ते नियमांपाशी. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत दर दहा फूट पडण्याला सहा बाजूंचा एक फासा टाकायचा आणि तेवढी इजा मोजायची. वीस फाशांपुढे इजा जात नाही, मग कडा कितीही उंच असो. आणि जीव वाचला, तर रात्रभर झोप काढून सकाळी गडी ठणठणीत! भाच्याला हे अगदी पटलं. त्याच्या वयात मलाही पटलं असतं. आता जिन्याची एक चुकलेली पायरी मला सव्वा महिना पुरते.

पण माझं खरं दुखणं वेगळंच होतं. 'वीरधवल' लिहिणारे नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडले. कमरेखालचं शरीर कायमचं लुळं झालं. कादंबऱ्या त्यानंतरच्या, 'वीरधवल' १९१३ची. त्याच कड्यावरून पडून आमचा भाचा सकाळी पिठलं-भाकरीला हजर, हे काही माझ्या मनाला येईना.

मग गर्प्स काढलं, म्हणजे अशाच दुसऱ्या खेळाचं नियमपुस्तक. स्टीव्ह जॅक्सन यांचं, १९८६चं. वाचायला प्राप्तिकराच्या कायद्याइतकं रंजक, पण पडलेल्याला पडलेला मानतं. पाय जायबंदी झाला आणि नशीब फिरलं की फासा म्हणेल तितके महिने घरी बसायचं. नशीब फारच फिरलं तर कायमचं. शिवाय इथे पात्र घडवताना अंगच्या दोषांबद्दल गुण मिळतात आणि त्यातून बळ विकत घेता येतं. हट्टीपणाला मिळतात, खोटं बोलता न येण्यालाही मिळतात. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका नुसते स्वतःचे खरे दोष लिहीत गेले आणि राज्यातले सर्वांत बलाढ्य योद्धे होऊन बसले. दोषांना मर्यादा घालावी असं पुस्तकात सुचवलेलं आहे. ते पान मला उशिरा सापडलं.

पहिल्याच रविवारी भाचा कड्यावरून पडला. पायासाठी फासा टाकला, पाच आले. पाच महिने. तेव्हा सध्या आमच्याकडे एक भिडू कमी आहे. यायचं असेल तर रविवारी चारला या. सहा बाजूंचे साधे तीन फासे पुरतात.