मुदत संपलेल्या कागदास खुलं पत्र

प्रति,
माननीय एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट ऊर्फ एआरसी यांस,


नोव्हेंबर २०२५मध्ये तुमची मुदत संपलेली असताना एअर इंडियाचं एक ए-३२० निओ प्रवासी घेऊन आठ वेळा उडालं आणि तुम्हाला कोणी हिंग लावूनही विचारलं नाही. विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाल्यानंतर तिच्या सत्तर विमानांना पहिली एआरसी नागरी विमान वाहतुकीचं नियामक डीजीसीए स्वतः देणार होतं. एकोणसत्तरांना मिळाली. सत्तरावं विमान इंजिन बदलायला उभं होतं, तेवढ्यात तुमची तारीख उलटली. इंजिन बसलं, विमान सेवेत सोडल्याची सही झाली, वेळापत्रक लागलं, वैमानिक बसले. एवढ्या हातांखालून गेलेल्या विमानाची ही तारीख कोणालाच दिसली नाही. त्याच विमानाच्या प्रवाशाचं तिकिटावरचं नाव आधार कार्डाशी जुळलं नसतं, तर टर्मिनलच्या दारातच सीआयएसएफच्या जवानानं त्याला बाजूला उभं केलं असतं. विमानतळावर तुमच्यापेक्षा आधार कार्डाचा वट मोठा!

यावर काही शहाणे म्हणतात, विमान ठणठणीत होतं, पडलं का कुठं? नाही पडलं. पण ठणठणीत होतं हे कशावरून? उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र जिवंत ठेवायला तुम्ही दरवर्षी लागता. त्यासाठी कोणीतरी नोंदी समोर घेऊन बसतं आणि पाहतं: सक्तीच्या सुधारणा झाल्या का, ठरावीक तासांनी बाद होणारा भाग वेळेत बदलला का, केलेली दुरुस्ती कागदावर उतरली का. एवढं वगळलं की उरतो मालकाचा शब्द. आणि विमान जमिनीवर राहिलं की ज्याचा तोटा, त्याच्याच शब्दावर भागणार असतं, तर तुम्हाला जन्माला कशाला घातलं असतं? कंपनीनं चूक आपणहून कळवली म्हणे. कळवली, पण आठ फेऱ्या मारून झाल्यावर.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: कागद असूनही विमानं पडतात. पडतात. २०१८ आणि २०१९मध्ये लायन एअर आणि इथिओपियन एअरलाइन्सची बोइंग ७३७ मॅक्स विमानं कोसळून ३४६ माणसं गेली. त्या मॉडेलला अमेरिकेच्या विमान नियामक एफएएची रीतसर मान्यता होती. मात्र तपासणीचं बरंचसं काम बोइंगच्याच नोकरांवर सोपवलं होतं आणि विमानाचं नाक खाली दाबणारी एमकॅस यंत्रणा एका वेळी एकाच सेन्सरचं ऐकत होती. तिथं तुमच्या भाऊबंदांनी नकार द्यायला हवा होता, तो दिला नाही. इथं तुम्ही दिलात, तो कोणी वाचला नाही. कागदाची किंमत ‘नाही’ म्हणण्यात असते, हेच दोन्हीकडून सिद्ध होतं.

खरं तर तुमची कीव येते. तुम्ही तुमचं काम चोख केलंत. ठरल्या दिवशी संपलात. लाज वाटायला हवी ती बाकीच्यांना. चौकशी लावली, संबंधितांना कामावरून बाजूला केलं, झाले सोपस्कार! तारीख उलटताक्षणी त्या विमानाला वेळापत्रकात जागाच मिळू नये, एवढी सोय संगणकात करणं अवघड आहे का? ती होईपर्यंत तुम्ही फाइलमध्ये सुखानं नांदा. उडायचं आम्हाला आहे.

आपला,
एक तिकीटधारक