गुरुजींचा दिवाण

अहो वहिनी, या की जरा भिंतीपाशी. दूध तर उतू चाललं नाही ना? मग या. इतके दिवस खटखट ऐकायलात ना? मी सांगते काय चाललंय ते. गुरुजी घरी दिवाण बनवायलेत. हो, स्वतः! लेकीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलंय, अन् संसारोपयोगी साहित्यातला दिवाण बापाच्या हातचाच द्यायचा, असं डोक्यात घेतलंय.

झालं काय, दोघं नवरा-बायको बीडला दुकानात दिवाण बघायला गेलते. गुरुजींनी गादी उचलून खाली बघितलं, तर भुश्याचा दाबलेला बोर्ड अन् वरून नुसता लाकडाच्या रंगाचा कागद. तांब्याभर पाणी सांडलं की फुगून बसतो तो. दुकानदार भाव सांगतोय तोवर गुरुजी पायऱ्या उतरून रस्त्यावर! मास्तरीणबाईच सांगत होत्या. म्हणल्या, मंजरसुंब्याचा घाट येईस्तोवर तोंडातनं शब्द नाही, अन् घाटात एकदम म्हणले, मीच करतो.

राग खोटा नाही हो त्यांचा. लग्नात दिलेले असले दिवाण दोन पावसाळ्यांत कोपऱ्यातनं सुटलेले आपण बघितलेत की. पण राग आला म्हणून कुणी सुतार होत नसतंय.

आधी डोळा होता शेतातल्या आंब्यावर. कुणीतरी सांगितलं म्हणून बरं, १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, साग हे सगळे आहेत, परवानगीशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. मग बांधावरची बाभळ पाडली. ती पण भर पावसाळ्यात! मशीनवर फळ्या चिरून आणल्या अन् आठवड्यात जोडायला बसले. मी म्हणलं, गुरुजी, लाकूड वाळू तर द्या. तर म्हणले, व्हिडिओत असं काही सांगत नाहीत.

मग मीच तो व्हिडिओ बघितला त्यांच्या मोबाइलवर. गोरा माणूस, हात कसले स्वच्छ, अन् पुढ्यात पाईनच्या फळ्या. तिकडचं लाकूड मऊ, वर दुकानातनं वाळवून रंधून आलेलं. स्क्रू टेकवला की सरसर आत. तसंच गुरुजींनी बाभळीत केलं. पहिल्या स्क्रूची मुंडी तुटली, दुसऱ्याची तुटली, मग खिळे घेतले तर ते वाकले. बाभळीला आधी बारीक भोक पाडावं लागतंय, तवा स्क्रू. पण हे त्या गोऱ्याला कामून माहीत असंल? त्याच्या बांधावर बाभळ असती तर त्यानं सांगितलं असतं.

माझं माहेर सुताराचं, तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या भागात साग कुठला? साग तिकडं चंद्रपूर-गडचिरोलीकडं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांना २०२३ ला सागवान गेलं ते बल्लारपूरहूनच. आपलं लाकूड म्हणजे बाभळ अन् लिंब. तिफण, वखर, गाडीचं चाक, सगळं बाभळीचं. माझे वडील ओंडका पाडला की थेट ओढ्याच्या डोहात बुडवायचे. महिनोन्‌महिने पडून राहायचा. त्यानं चिरा कमी पडतेत अन् भुंगा लागत नाही. बाहेर काढला की पांढरं लाकूड वाकसानं तासून टाकायचे, लाल गाभा तेवढा ठेवायचे. किडा आधी त्या पांढऱ्यातच शिरतो. मग फळ्यांच्या मधे काड्या घालून सावलीत थप्पी. इंचभर जाडीला एक वर्ष, असा त्यांचा हिशेब. गुरुजींच्या फळ्या दोन इंची आहेत, आता तुम्हीच मोजा लग्न कधी येतंय ते!

लाकूड लांबीत आटत नाही, रुंदीत आटतंय. म्हणून गुरुजींनी अंगाला अंग लावून बसवलेल्या फळ्यांत आत्ताच बोट जाईल एवढ्या फटी पडल्यात. एक फळी तर पन्हाळीवाणी वळली. फेविकॉल भरून बघितला त्यांनी. फेविकॉल काय करील? तो १९५९ ला आला तवा सुतारांचा सरस शिजवायचा ताप गेला, एवढं खरं. आमच्या घरी सरसाचं डबडं चुलीवर चढलं की आई पदर नाकाला लावून बाहेर जायची, असला वास! पण वडील नुसत्या सरसावर कधीच राहिले नाहीत. पटाशीनं चौकोनी भोक कोरायचं, त्यात कुसू ठोकून बसवायचं. त्यांच्या हातची बाज अजून भावाकडं आहे.

भाऊ पण परवा आलता. १७ सप्टेंबरला आपल्याकडं मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन असतंय ना, २०२३ ला त्याच दिवशी कारागिरांसाठीची ती विश्वकर्मा योजना निघाली. त्यात त्यानं ट्रेनिंग केलं, अन् हत्यारांसाठी पंधरा हजार मिळतेत ते घेतले. म्हणाला, शंभर किलो कोरड्या लाकडामागं बारा किलो पाणी उरलं की लाकूड कामाला आलं, असं तिथं शिकवतेत. मी म्हणलं, आपल्या बापाला बोटानं वाजवूनच कळायचं. तर हसला. बाप शाबासकी देत नव्हता, हे प्रमाणपत्र तरी देतेत, म्हणाला. ते पण खरंच.

त्यानं गुरुजींचा सांगाडा बघितला अन् म्हणाला, कोपरा काटकोनात नाही. दोरी घेऊन दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत. वहिनी, गुरुजींचं तोंड बघायला पाहिजे होतं! आयुष्यभर पोरांना फळ्यावर कर्ण काढून दाखवले, अन् स्वतःच्या दिवाणाला लावायचं सुचलं नाही. मग मी गप घरात गेले अन् वडिलांचा गुण्या आणून दिला. वडिलांनी मला रंध्याला हात लावू दिला नाही कधी, पोरीची जात म्हणून. पण पातं पाजळताना दगडावर पाणी टाकायला मीच लागायची. सगळं बघितलंय मी. गुरुजी भावाला विचारतेत, गावातल्या मिस्त्रीला विचारतेत, मोबाइलला विचारतेत. मला अजून नाही विचारलं.

आता त्यांचा भाचा म्हणतोय, वाळूजच्या कंपन्यांतनं खोक्यांचं पाईन भंगारात मिळतंय, ते आणतो. भावानं बजावलंय, त्यावर शिक्का बघून घ्या. एचटी असला तर उष्णता देऊन किडे मारलेलं लाकूड, घरात चालतंय. एमबी असला तर विषारी धुरी दिलेली, ते घरात आणायचं नाही. प्लायचंही निघालं होतं. आठ बाय चारचा तक्ता घ्यायचा तर ओलीच्या जागेला ७१० नंबरचा, कोरड्या खोलीला ३०३ चालतंय. पण गुरुजी प्लायला राजी नाहीत. लाकूडच पाहिजे, म्हणतेत.

अन् आता खरी गोष्ट, जिच्यासाठी तुम्हाला बोलावलं. भाऊ जाता जाता गुरुजींना सांगून गेला की, एवढ्यात वाळलेलं लाकूड पाहिजे तर जुन्या वाड्याचं सागवान बघा. दोन पिढ्या वाळलेलं, आता ते ना आटणार, ना वळणार. तवापास्नं गुरुजी संध्याकाळी फिरायला निघाले की तुमच्या गोठ्यापाशी घुटमळायलेत. तुमच्या सासऱ्यांच्या वाड्याचं दार तिथंच उभं आहे ना, कडबा आडवायला? तेच. आज-उद्या येतील भाऊजींकडं, जुनं झालंय, पडूनच आहे, म्हणत. भाऊजी भोळे, चहा पाजून फुकट देऊन टाकतील. तुम्ही आधीच सांगून ठेवा, भंगाराच्या भावात द्यायचं नाही. अन् कड्या-कोयंडे पितळी आहेत, ते काढून ठेवा पहिले. लेकीच्या लग्नाचं काम आहे, नाही म्हणू नका, पण भाव माझ्यासमोर करा. मला त्या लाकडाचं वजन कळतंय.