महाड, व्हाया पिवळा दिवा

पनवेल हे गाव महाराष्ट्रातल्या बहुतेक माणसांनी पाहिलेलं असतं, पण खिडकीतून. पुण्याला जाणारा कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागतो, कोकणात जाणारा पळस्पे फाट्यावर वळतो आणि एसटीवाला स्टँडवर उतरून पाय मोकळे करतो न करतो तोच कंडक्टर बेल मारतो. 1852 सालची नगरपालिका, 2016 पासून महानगरपालिका, असा भरभक्कम कारभार. पण 'दोन दिवस पनवेलला जाऊन येतो' असं म्हणणारा प्रवासी मी पाहिलेला नाही. पनवेल बघायचं तर गाडी बिघडावी लागते. आमची बिघडली.

'बिघडली' म्हणायलाही पंचाईत, कारण गाडी झकास चालत होती. गणपतीच्या तोंडावर डोंबिवलीहून महाडला निघालो होतो. मागे बायको, तिच्या मांडीवर मखराचा खोका. पुढे माझ्या शेजारी सासरे, म्हणजे आप्पा. आप्पा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. जावयाच्या शेजारी बसतात, पण पाय अजून त्यांच्याच ब्रेकवर असतो. शीळफाटा, तळोजा निर्विघ्न पार पडलं. कळंबोली सर्कलला पोलाद लादलेल्या दोन ट्रेलरच्या कचाट्यातून सुटायला मी स्टेअरिंग पार उजवीकडे कापलं आणि डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागला.

"जावईबापू, पिवळा आहे का लाल?"

"पिवळा."

"मग हाणा. लाल लागला तर मला उठवा."

आप्पांचं म्हणणं अगदीच अडाणीपणाचं नव्हतं. नुसता पिवळा दिवा लागला तर साधे ब्रेक शाबूत असतात. फक्त जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जागच्या जागी बसून गाडी घसरू नये म्हणून जी यंत्रणा असते, ती रजेवर गेलेली असते. जोडीला लाल दिवाही लागला, तर मात्र गाडी बाजूला घ्यायची आणि आधी ब्रेक ऑइल बघायचं. पण बाहेर भाद्रपदातला पाऊस, पुढे गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं, तेव्हापासून त्या रस्त्यावर ब्रेकची गरज कधी कमी पडलेली नाही. मी गाडी पनवेलात घातली.

"कशेडी घाटात आम्ही कुठे एबीएस नेला होता?" आप्पा म्हणाले. "ब्रेक सोडत-मारत, सोडत-मारत उतरायचं." हे यंत्र तेच करतं, फक्त सेकंदाला दहा-पंधरा वेळा, हे मी त्यांना सांगितलं. "एवढा उतावळेपणा कशाला?" असं विचारून त्यांनी डोळे मिटले.

पहिला सल्ला पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या पोराने दिला. "टायरचा प्रॉब्लेम आहे, काका." पुढचं एक टायर नवं, बाकीची गुळगुळीत. आता यात तथ्य असतं. एका टायरचं माप वेगळं असलं किंवा हवा फारच कमी असली, तर ते चाक इतरांपेक्षा कमी-जास्त फिरतं आणि गाडीतल्या कॉम्प्युटरला संशय येतो. हवा भरली. दिवा तसाच.

शेजारच्या बॅटरीवाल्याने बॅटरीकडे न बघताच मान हलवली. "व्होल्टेज. शंभर टक्के व्होल्टेज." यातही तथ्य! वीज कमी पडली की एबीएसचं युनिट आधी अंग काढून घेतं. त्याने मीटर लावला, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास आले, आणि बॅटरी खपत नाही हे बघून त्याचा चेहरा दिव्यापेक्षा पिवळा पडला.

पुढे वॉशिंग सेंटर. तिथल्या मालकाचं निदान चिखल. सेन्सर चाकाशी असतात, पावसाळ्यात चिखल आणि गंज साचतो, सेन्सरला काही दिसत नाही. हेही पुस्तकात लिहावं इतकं बरोबर. त्याने गाडी वर चढवली आणि खालून असं प्रेशर मारलं, की डोंबिवलीपासून जमवलेली माती पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत कायमची स्थायिक झाली. दिवा आता स्वच्छ गाडीत लागत होता.

म्हणजे गंमत बघा. प्रत्येकाला आपल्या दुकानात जे मिळतं तेच आमच्या गाडीत बिघडलेलं दिसत होतं, आणि एकही माणूस खोटं बोलत नव्हता!

मग आला आधुनिक गॅरेजवाला. त्याने स्टेअरिंगखाली काडेपेटीएवढं यंत्र खुपसलं, मोबाइलशी ब्लूटूथने जोडलं आणि जाहीर केलं, "गाडीत काहीही फॉल्ट नाही." समोर दिवा ढळढळीत पेटलेला. ही स्वस्तातली यंत्रं बहुधा फक्त इंजिनची विचारपूस करतात; ब्रेकचं खातं वेगळं, त्याचा कॉम्प्युटर वेगळा, त्याच्याशी बोलणारा स्कॅनर महाग. त्याच्याकडे तो नव्हता, पण उपाय होता. "मीटर उघडून बल्ब काढून टाकू?"

"उत्तम!" आप्पा जागे झाले.

इथे बायको प्रथमच बोलली. "अजिबात नाही. अहो, 2009 साली त्या तीन अक्षरांसाठी आपण जादा पैसे मोजलेत." खरं होतं. जर्मनीत बॉशने हे यंत्र 1978 साली मर्सिडीझच्या मोठ्या गाडीत आणलं. आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं एप्रिल 2019 पासून. मधली सगळी वर्षं एबीएस हा वरच्या मॉडेलचा दागिना होता. आणि दागिना मोडायचा नसतो, हे आप्पांनीच लेकीला शिकवलेलं. (जुनी गाडी घेणाऱ्यांनी मात्र ही बल्बची युक्ती ध्यानात ठेवावी. किल्ली फिरवल्यावर हा दिवा काही क्षण लागून विझायला हवा. लागतच नसेल, तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलेलं आहे.)

वडाळे तलावाच्या काठी पोळी-भाजी खाताना आप्पांनी चौकशी केली. धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना इथलाच, 1872 सालचा, हे कळल्यावर म्हणाले, "मग या गावात नाडी बघणारा कुणीतरी असणारच."

होता. जुन्या पनवेलात, एका बोळात. दुकानाला पाटी नाही, दारात स्टुलावर बसलेला साठीचा वायरमन. त्याने बॉनेट उघडलं नाही, गाडीला हातही लावला नाही. चहा संपवत विचारलं, "लागला कुठे?"

हे आम्हाला दिवसभरात कुणी विचारलंच नव्हतं.

"कळंबोली सर्कलला."

"सरळ जाताना, का वळताना?"

"वळताना. पार उजवीकडे."

त्याने कप खाली ठेवला आणि जॅक काढला. पुढचं डावं चाक उतरवलं. आमच्या गाडीचे सेन्सर जुन्या धाटणीचे, म्हणजे चुंबकाभोवती तारेची गुंडाळी. समोर चाकाबरोबर दातेरी कडी फिरते, एकेक दाता सरकला की गुंडाळीत जराशी वीज उठते, त्यावरून चाकाची चाल कळते. चारांतल्या एकाची खबर आली नाही की कॉम्प्युटर सगळं दुकान बंद करून दिवा लावून बसतो. वायरमनने कनेक्टर सोडवून मीटर लावला. अकराशे ओहमच्या आसपास आकडा आला. ठणठणीत.

"सेन्सर चांगलाय," मी म्हणालो.

"थांबा ना, शेठ." त्याने वायर दोन बोटांत धरली आणि चाक उजवीकडे वळलं की ती जशी ताणली जाते तशी हळूच वाकवली. आकडा गायब. सोडली, आकडा हजर. वरचं काळं रबर अखंड, चकचकीत. आत तांबं तुटलेलं. वळणावळणाला वाकून वाकून आतल्या आत गेलेलं. त्याने तेवढा भाग कापला, सोल्डर मारला, स्लीव्ह चढवून काडीने शेकली आणि वायरला थोडी ढील ठेवली. "जाऊन याल. आल्यावर नवा सेन्सर टाका." मजुरी इतकी कमी सांगितली की आप्पांना कामाविषयी शंका आली.

शंकेला जागाही होती, कारण दिवा पेटलेलाच. "विसाच्या वर पळवा, मग विझेल," वायरमन म्हणाला. चाकांची खबर नीट येतेय याची खात्री पटल्याशिवाय यंत्रणा दिवा सोडत नाही. पण गणपतीच्या आदल्या संध्याकाळी पनवेलात विसाचा वेग! एसटी स्टँडपासून पळस्प्यापर्यंत काटा दहाच्या पुढे गेला नाही. फाट्याच्या पुढे एकदाची मोकळी जागा मिळाली, मी गाडी रेटली आणि दिवा विझला. बायकोने मागून टाळी वाजवली. आप्पा झोपले होते.

शिरढोण गेलं, कर्नाळ्याचा सुळका ढगात. अभयारण्याच्या ओल्या उतारावर कठड्यावरून एक माकड थेट रस्त्यात उतरलं. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरलं, खालून खर्रर्र असा आवाज आला, आणि गाडी जराही वाकडी न होता माकडापासून हातभर अंतरावर थांबली. चौदा वर्षांपूर्वी मोजलेले पैसे बहुधा त्या क्षणी वसूल झाले.

आप्पा दचकून उठले. आवाज त्यांनी ऐकला होता.

"जावईबापू, परत फिरा. त्या माणसाने ब्रेक बिघडवलेत. दिवा होता तेव्हा गाडी कशी गुपचूप थांबत होती!"