सपाटीचा हट्ट

अमेरिकेत मोटरहोम घेणारा घर सोडून हिंडायला निघतो आणि मुक्कामी पोचताच घरासारखी सपाट फरशी मागतो. त्यासाठी चार हायड्रॉलिक जॅक, कल मोजणारा सेन्सर आणि एक बटण. बटण रुसले की संशय थेट जॅक चालवणाऱ्या महागड्या कंट्रोलरवर. दोषी बहुधा उतरलेली १२ व्होल्टची बॅटरी, चासीपाशी गंजलेली अर्थिंगची वायर, कमी झालेले हायड्रॉलिक तेल किंवा चक्क न ओढलेला हँडब्रेक. लाकडी ठोकळे आणि पाणसळ पुरे, असे जुनी खोडे म्हणतील. त्यांनी १० टनांचे धूड ठोकळ्यांवर इंचइंच पुढे-मागे करून दाखवावे. शिवाय आतल्या अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिजला कललेली गाडी सोसत नाही, म्हणजे हट्ट अगदीच पोकळ नाही. तेव्हा कंट्रोलर मागवण्याआधी मल्टिमीटर काढा; आणि तेल तपासाल ते जॅक पूर्ण आत घेऊनच.