पोलादावरचे शेरे

सरकारला वस्तूपेक्षा वस्तूवरचा शिक्का प्यारा असतो, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. कारण माझी उभी हयात सरकारी भांडारात गेली. खुर्चीच्या बुडाला नंबर, पंख्याच्या पात्याला नंबर, एकदा तर कचऱ्याच्या टोपलीला नंबर पडला नाही म्हणून ऑडिटचा शेरा आलेला. पण ब्रिटिश सरकारने आपल्या रायफलींवर जे शिक्के मारून ठेवलेत, त्यांच्यापुढे आमचं भांडार अगदीच बाळबोध.

हा शोध मला टेक्सासमधल्या भाच्यामुळे लागला. तिकडे शंभर वर्षांची लष्करी रायफल दुकानात विकत मिळते. याने एक ली-एन्फिल्ड घेतली. म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यानपिढ्या दिसलेली थ्री नॉट थ्री. तिचे फोटो पाठवून विचारलं, "मामा, दुकानदार म्हणतो ही पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला लढली. खरं असेल का रे?" आपल्याकडे .३०३ बोअर खासगी माणसाला मनाईची, त्यामुळे माझा तिच्याशी संबंध कॉलेजातल्या एनसीसीपुरता. त्या रायफलींवर 'डीपी' असं ठोकलेलं असे. ड्रिल पर्पज. म्हणजे हिच्यातून गोळी उडवायची नाही, हिला घेऊन फक्त चालायचं. तरी शिक्के म्हटल्यावर माझ्यातला भांडारपाल जागा झाला आणि मी चष्मा पुसून बसलो.

जिथे पोलाद संपून लाकडी दस्ता सुरू होतो, तिथे उजव्या बाजूला एक पोलादी पट्टा असतो. ओळख पटवायला सुरुवात इथून करायची. वर मुकुट, खाली 'जी.आर.' म्हणजे राजा पंचम जॉर्ज, मग कारखान्याचं नाव एन्फिल्ड, मग साल १९१७. गॅलिपोलीतून शेवटचा सैनिक निघाला जानेवारी १९१६ मध्ये. तेव्हा ही रायफल तिथे लढली असेल तर जन्माआधी. हे कळवल्यावर भाचा दोन दिवस गप्प होता.

सालाखाली रोमन तीन आणि त्याला चिकटून एक बारीकशी तारका. त्या तारकेवर माझा जीव जडला. १९०७ साली आलेल्या या मार्क थ्री रायफलीच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या मावत. पण मॅगझिनवर एक सरकती पट्टी बसवलेली होती. पट्टी आत ढकलली की त्या दहा गोळ्या कुलूपबंद, आणि शिपायाने एकेक गोळी हाताने भरून झाडायची. वरिष्ठांना धास्ती, की याच्या हाती दहा गोळ्या दिल्या तर हा दहाही उडवून मोकळा होईल! अशी काटकसर मी फक्त आमच्या स्टेशनरी विभागात पाहिली आहे. दुसरीकडे तिच्याच डाव्या अंगाला २८०० यार्डांपर्यंत नेम धरायची एक तबकडी. म्हणजे शनिवारवाड्यावरून नेम धरायचा आणि गोळी स्वारगेटच्याही पुढे टाकायची. सगळ्या पलटणीने मिळून अदमासाने गोळ्यांचा पाऊस पाडावा, अशी कल्पना होती. मग महायुद्ध खंदकांत रुतलं, कारखान्यांना मागणी पुरवता येईना, आणि १९१६ मध्ये पट्टी, तबकडी असला सगळा मानपान रद्द झाला. खात्याने त्याची नोंद केली ती एका तारकेत. इतका आटोपशीर शेरा मारणारा कारकून मला नोकरीत भेटला असता, तर मी त्याला चहा पाजला असता.

त्याच काटछाटीत आणखी एक गोष्ट गेली. पूर्वी दस्त्यावर रुपयासारखी एक पितळी चकती बसवत. तिच्यावर पलटणीचं नाव, रायफलीचा क्रमांक आणि ती दिल्याची तारीख कोरत. रायफल कुठे, कुणाकडे होती हे सांगणारी जागा ती एवढीच. भाच्याच्या रायफलीला चकती कधी बसलीच नाही.

बाकी शिक्क्यांना तोटा नाही. नळीवर, बोल्टवर, दृष्टिपट्टीवर इवलासा मुकुट, खाली आकडा, त्याखाली एन्फिल्डचा 'ई'. हा अमुक नंबरचा तपासनीस. त्याने तो भाग पाहिला, पसंत केला आणि पुढे सरकवला. मग सरकारी मालाची खूण, कावळ्याच्या पायाच्या ठशासारखा तीन रेघांचा बाण. पुढे असे दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर. याचा अर्थ सरकारने वस्तू विकली, आता आमचा संबंध नाही. (निवृत्तीच्या दिवशी मला नारळ आणि शाल मिळाली, दोन बाण जास्त स्पष्ट झाले असते.) विकल्यावर नळीची दाबचाचणी झाली. तिथे 'चौरस इंचाला १८.५ टन' असं चक्क वजनासकट लिहिलंय. मग अमेरिकेत मालाचा देश दाखवायची सक्ती, म्हणून 'इंग्लंड' हा ठसा.

म्हणजे ही कुणी घडवली, कुणी तपासली, खात्यातून उतरली की नाही, किती दाब सोसते, सगळं पोलादावर लेखी आहे. जो माणूस हिला उशाशी घेऊन चिखलात झोपला, त्याचं नाव कुठेच नाही. ती रिकामी जागा मग दुकानदार भरून काढतात आणि तिचे वेगळे पैसे लावतात. मुरलेले संग्राहक नवख्याला एवढंच बजावतात, की पैसे रायफलीचे मोजा, गोष्टीचे नको. मला विचाराल तर तपासनिसाचा खरा आकडा हा दुकानदाराच्या गॅलिपोलीपेक्षा केव्हाही बरा. त्या माणसाने निदान ती रायफल हातात धरली होती.

एका रायफलीवर थांबेल तो संग्राहक कसला! दुसरी आली ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली, १९४३ ची. हिच्या मुकुटाखाली 'जी.आर.आय.' होतं. त्यातला शेवटचा 'आय' म्हणजे सम्राट. इंग्लंडात जॉर्ज नुसता राजा, सम्राट तो फक्त आपल्याकडचा. म्हणून ते जादा अक्षर ईशापूरने इमानाने ठोकलं. पुढे प्रजासत्ताक आलं, मुकुट गेला, अशोकाचे सिंह आले. खालची रायफल तीच राहिली. चीनच्या युद्धानंतर ईशापूरने ती ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी नव्याने घडवली. तिच्या पहिल्या आवृत्तीत दृष्टिपट्टी २००० पर्यंत होती, दुसरीत ८०० वर आली. कुणीतरी शेवटी खरं बोललं.

पण भाच्याची खरी चैन झाली ती नेपाळमुळे. साधारण २००३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनी काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या वाड्यातला शस्त्रसाठा उचलला आणि हजारो जुन्या बंदुका तिकडे गेल्या. त्यांत मार्टिनी-हेन्री होत्या, आणि जनरल गहेंद्र शमशेर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, नेपाळातच हाताने घडवलेल्या गहेंद्र रायफलीही. त्या इतक्या हातच्या, की एकीचा भाग दुसरीला बसेल याची खात्री नाही. आणि त्यांच्यावरची अक्षरं देवनागरी! तिथले संग्राहक भिंग लावून हैराण. आमच्या भाच्याचं मराठी चौथीपर्यंतचं. पण पाढ्यांपुरते आकडे शाबूत. त्याने एका म्हाताऱ्या टेक्सन गृहस्थाला त्याच्या बंदुकीचा नंबर खडाखडा वाचून दाखवला. जुन्या वळणाचे ५ आणि ८ जरा दगा देतात, तेवढे मी फोनवरून निस्तरले. तेव्हापासून क्लबात त्याला पंडित म्हणतात. त्याच्या आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "शाळेत असताना सहामाहीला बावीस मार्क होते."

या सगळ्यात मला स्वतःला अभिमान वाटला तो एकाच ठशाचा, आणि तो रायफलीवर नव्हताच. भाच्याने जुन्या पुंगळ्यांचा एक डबा घेतला होता. त्यांतल्या काहींच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही रोमन अक्षरं दिसली. ती खडकीची. १८६९ पासून चालत आलेला आपला दारूगोळा कारखाना. तेव्हा जुन्या वाड्याच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत .३०३ ची रिकामी पुंगळी सापडली, तर भंगारात घालण्याआधी तिचं बूड जरूर वाचा. जिवंत काडतूस सापडलं, तर मात्र वाचत बसू नका. आधी पोलिसांना कळवा.