ग्राउंड स्पीडवाले काका

पुण्यातल्या ज्या सोसायटीत निम्म्या घरांतली मुलं अमेरिकेत आहेत, तिथे एक ग्राउंड स्पीडवाले काका असतातच. बँकेतून निवृत्त, कमरेला स्वेटर बांधलेला, हातात फोन आणि फोनवर सरकणारं एक पिवळं विमान. "आत्ता तुर्कस्तानवर आहे. ९०५चा स्पीड," असं ते लिफ्टमध्ये आपणहून सांगतात. कोण, ते विचारायचं नसतं. लेक असते.

मुंबई ते न्यूयॉर्क किती, एवढं विचारायची खोटी. साधारण १२,५०० किलोमीटर, हे उत्तर लगेच मिळतं. पण तेवढ्यावर सुटका नाही. काका घरी नेतात. टीपॉयवरचा पृथ्वीचा गोल पुढे ओढतात, काकूंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा काढतात, त्याचं एक टोक मुंबईवर तुम्हालाच अंगठ्यानं दाबून धरायला लावतात आणि दुसरं न्यूयॉर्कपर्यंत ताणतात. दोरा आफ्रिकेकडे ढुंकूनही न बघता वर चढतो, स्वीडन ओलांडतो आणि ग्रीनलंडच्या खालच्या टोकाला चाटून अमेरिकेत उतरतो. "बघितलंत? भिंतीवरच्या नकाशात सरळ दिसते ती वाट लांबची." इथे 'अरे वा' म्हणून मोकळं व्हावं. नाही म्हटलं, तर दोरा टोकियोला लागतो.

विमान खरंच दोऱ्यावरून जातं का, असं मात्र चुकूनही विचारू नये. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून दोरा अरबी समुद्रावरच वाकवावा लागतो आणि त्या वाढीव वेळेचा राग काका काकूंच्या चहावर काढतात.

त्यांचा खास विषय म्हणजे जाता-येतानाचा फरक. थेट विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात, येताना मात्र चौदाच्या आसपास. "पृथ्वी फिरते ना, म्हणून," असं कट्ट्यावर कुणी म्हणालं की काका कपाळाला हात लावतात. "अहो, पृथ्वीबरोबर हवाही फिरते! जेट स्ट्रीम! पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा. येताना पाठीत, जाताना तोंडावर." मुलगा दुबईला असणाऱ्यांची तर ते कीव करतात. १,९०० किलोमीटर, तीन तास. जेवणाचा ट्रे उचलेपर्यंत उतरायची घोषणा. सिंगापूर-न्यूयॉर्कचं नाव निघालं की मात्र आवाज खाली येतो. १५,३०० किलोमीटर, अठरा तासांहून जास्त. आपलं कुणीच सिंगापूरला नाही, ही सल त्यांनी अजून कुणाला बोलून दाखवलेली नाही, पण दिसते.

यंदा जावयानं पैसे वाचवायला दोहामार्गे तिकीट काढलं. अंतर वाढलं जेमतेम पाचशे किलोमीटर, पण काकांचं तोंड आठवडाभर उतरलेलं. "मध्ये थांबा घेतला की ते विमान राहत नाही, एस.टी. होते." शिवाय दोह्याच्या विमानतळावर लेक नेमकी कुठल्या बाकावर बसलीय, हे फोन दाखवत नाही.

मुंबईला विमान वेळेआधी वीस मिनिटं टेकलं. वाऱ्याचं कौतुक करून झालं. मग गाडी पुण्याकडे निघाली. दीडशे किलोमीटर, आणि स्क्रीनवर पिवळं काहीच नाही. काकांनी फोन लावला.

"कुठवर आलीस?"

"चेंबूर, बाबा."

"स्पीड?"

"शून्य."