डावीकडं साडी, उजवीकडं सायलेन्सर

कोल्हापुरात नवी बुलेट घेतलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात आवाज लागतो आणि दुसऱ्या महिन्यात चामडं. आवाजाची सोय करणारे गल्लोगल्ली बसले आहेत. कंपनीनं दिलेला सायलेन्सर उतरवून ते त्या जागी धडधडणारी नळी बसवून देतात, आणि ती नळी पुढच्या चौकात वाहतूक पोलीस उतरवून घेतात. चामड्याची सोय मी करतो. सॅडलबॅगा, टाकीवरचे पट्टे, पाने-पकडी ठेवायची गुंडाळी, हँडलच्या मुठींवरची वेटोळी, किल्लीची वादी. पोलीस यातलं काही उतरवून घेत नाहीत. उलट एका हवालदारांनी गाडी अडवून बेल्टचा भाव विचारला होता.

हा धंदा माझ्याकडे वारशानं आलेला नाही. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी बसायचो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून भांडायची सवय तिथली. ती बरोबर घेऊनच मी सुभाषनगरात तात्यांकडे गेलो. तात्यांचा जन्म कापशी चपला करण्यात गेलेला. मी सॅडलबॅगचं ड्रॉइंग, तिन्ही बाजूंनी, मापांसकट, त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते उलटं धरलं, सुलटं धरलं आणि म्हणाले, "कागदावरची म्हस सपाट हाय. खरी नसती."

मग त्यांनी कमावलेलं कातडं जमिनीवर पसरलं आणि मला म्हशीचा भूगोल शिकवला. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचा भाग घट्ट, ताणला तरी हूं की चूं करत नाही. वाद्या आणि पट्टे तिथूनच काढायचे. खांद्याशी सुरकुत्या. पोटाकडचं ढिलं, तिथली वादी वापरली तर ती वजनानं लांबत जाते आणि बॅग चाकाशी गप्पा मारायला खाली उतरते. मध्येच कुंपणाच्या तारेचा ओरखडा, गोचिडाचा ठिपका. गिऱ्हाइकाला हे डाग चालत नाहीत. त्याला अस्सल चामडं हवं असतं, पण ज्या जनावराचं ते आहे ते कधी जगलंच नव्हतं असं दिसणारं. तसंही मिळतं. त्याला रेक्झिन म्हणतात.

चामडं म्हशीचंच, कारण बैलाची कत्तल महाराष्ट्रात 2015 पासून बंद. कायद्याची दुरुस्ती विधिमंडळानं 1995 सालीच केली होती, राष्ट्रपतींची संमती यायला वीस वर्षं गेली. आणि बाभळीची साल, हिरडा यांच्या पाण्यात कातडं मुरायला काही आठवडे लागतात म्हणून लोक कमावणाऱ्याला मंद म्हणतात.

आता शिवण. यंत्राच्या टाक्यात दोन दोरे असतात, एक वरून, एक खालून, आणि ते मधे एकमेकांत अडकतात. एक तुटला की दुसऱ्याचा धीर सुटतो आणि शिवण उसवत जाते. हातशिवणीत दोरा एकच, सुया दोन. आरीनं भोक पाडायचं आणि त्याच भोकातून दोन्ही सुया समोरासमोर पार करायच्या. एक टाका तुटला तरी शेजारचे जागा सोडत नाहीत. घोड्याच्या खोगिरासाठी चालत आलेली ही रीत मोटारसायकलला तशीच लागू पडते, कारण दोन्हींवर बसणारा माणूस तोच आहे. शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा घ्यायचा, त्याला मेण लावायचं आणि प्रत्येक टाक्याला दोन्ही हात पुरते फाकवून ओढायचा. यातली खरी अडचण जागेची. तात्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत ते शिवायला बसले की दोन्ही बाजूंचे लोक आपोआप अंग चोरून घेतात. मला या कलेतलं पहिलं ज्ञान कोपराच्या रूपानं बरगडीत मिळालं.

मी फाउंड्री सोडल्याची बातमी मावशीला कळली तेव्हा तिनं आईला फोन करून विचारलं, "म्हणजे तो आता चपला शिवणार?" आईनं दोन दिवस जेवण नीट केलं नाही. मग मी एक लाकडी फळी, एक पिवळा दिवा आणि मागं विटांची भिंत असा एक फोटो काढला. त्यात मी एप्रन घालून खाली बघतोय. तीच मावशी आता हळदीकुंकवात सांगते, "आमचा भाचा लेदरमध्ये आहे." तात्या माझ्या दुप्पट वेगानं, माझ्यापेक्षा सरळ शिवतात. त्याच दोऱ्यानं, तसल्याच आरीनं. ते लेदरमध्ये आहेत असं त्यांच्याबद्दल कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, भाषणं झाली, तरी गिऱ्हाईक त्यांच्याशी जोडीमागं पन्नास रुपयांवरून घासाघीस करतं. तेच गिऱ्हाईक माझ्याकडे कॉफी पितं आणि सांगेल ती किंमत देतं. या किमतीत माझा हात किती आणि माझं आडनाव किती, हा हिशोब मी तात्यांसमोर काढत नाही. त्यांनी तो केव्हाच केलेला असणार.

असो. सॅडलबॅगेकडे येतो, कारण माझं निम्मं डोकं तिथंच जातं. अमेरिकन मासिकात दिसणारी सॅडलबॅग गाडीच्या दोन्ही अंगांना ऐटीत लोंबत असते. बुलेटला दोन्ही अंगं मोकळी नाहीत. उजवीकडं सायलेन्सर. डावीकडं साडी गार्ड. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो की मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकला पाहिजे. गिऱ्हाइकाला हा नियम म्हणजे आपल्या स्वातंत्र्यावरचा घाला वाटतो.

"गार्ड काढून टाका," एकजण म्हणाला. "मिसेस जीन्स घालते."

मिसेस मागंच उभ्या होत्या. "आई पण बसतात," त्या म्हणाल्या.

"आई कधी बसते?"

"नरसोबाच्या वाडीला कोण गेलं होतं मग?"

पुढचा बराच वेळ मी चामड्याच्या कडा घासत बसलो. संसारी माणसाच्या गाडीचं माप घेताना सासूचंही घ्यावं लागतं, हे ड्रॉइंग ऑफिसात कुणी शिकवत नाही. शेवटी त्यातूनच आमचा नमुना निघाला. साडी गार्ड हीच बॅगेची फ्रेम धरायची, मागून रुंद वाद्या काढायच्या आणि त्या गार्डच्या सळ्यांना पितळी बकलांनी आवळायच्या. बॅग हलत नाही, चाकाकडं जात नाही, आणि आईंचा पदर दोन थरांनी सुरक्षित. उजवीकडं मात्र बॅग वर उचलून, खाली ॲल्युमिनियमचा पत्रा देऊन बसवावी लागते. सालीनं कमावलेलं चामडं ओलं असताना साधारण 70 ते 85 अंशांच्या आसपास आकसू लागतं, आणि पावसात भिजून तापलेल्या सायलेन्सरला टेकणं म्हणजे त्याची नेमकी ती परीक्षा. पत्रा दिसतो म्हणून लोक कुरकुर करतात. आकसलेली बॅग याहून जास्त दिसते.

पहिली जोडी गाडीवर चढवली तेव्हा तात्यांनी चारी बाजूंनी पाहिलं, बोटानं वाजवलं आणि विचारलं, "इंचू घालू काय?"

कोल्हापुरी चपलेच्या तळाच्या थरांमध्ये करकर आवाजासाठी जे घालतात त्याला विंचू म्हणतात. पाटील येताहेत हे पाटील दिसण्याआधी कळावं, ही त्यामागची सोय.

"तात्या, बुलेटच्या आवाजात करकर कुणाला ऐकू येणार?"

"गाडी बंद केल्यावर म्हाईत पडाया नगो, कोण आलंय त्ये?"

बुलेटवाल्याची मानसिकता एवढ्या थोडक्यात मला कुणी सांगितलेली नव्हती.

जॅकेट मी करत नाही. रोज कुणीतरी मागतंच. 1928 साली न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉट यांनी मोटारसायकलवाल्यांसाठी चेनवालं चामडी जॅकेट काढलं, त्याला आपल्या आवडत्या सिगारचं, पर्फेक्टो, हे नाव दिलं आणि ते साडेपाच डॉलरला विकलं. 1953 च्या 'द वाइल्ड वन' सिनेमात मार्लन ब्रँडो तसलंच जॅकेट घालून आला आणि तेव्हापासून जगभरच्या मुलांना आपले खांदे तसे आहेत असं वाटू लागलं. त्या जॅकेटची चेन तिरकी असते, कारण समोरचे पदर एकावर एक यावेत आणि न्यूयॉर्कचा गार वारा छातीत शिरू नये. कोल्हापुरात मे महिन्यात वारा छातीत शिरावा म्हणून माणसं नवस बोलतात. पण माझं खरं कारण वेगळं आहे. युरोपात मोटारसायकलच्या कपड्यांना घासून, फाडून आणि शिवण फुटेपर्यंत ताणून तपासतात. अंगावरचं जॅकेट रस्त्यावर घसरताना आधी शिवणीत दगा देऊ शकतं. डांबरावर घासत जाण्याची चाचणी मला घरी घेता येत नाही आणि गिऱ्हाइकावर घेणं बरं दिसत नाही. बॅग फाटली तर डबा सांडतो. तेवढीच जोखीम मला झेपते.

यावर एका तरुणानं "मग हेल्मेट करा" असं सुचवलं. चामडी टोपी, कानांवर पट्ट्या, वर गॉगल, जुन्या वैमानिकांसारखी. त्याला मी टी. ई. लॉरेन्सची गोष्ट सांगितली. अरबस्तानात लढाया करून जिवंत परतलेला हा माणूस 1935 साली इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याच्या मारानं गेला. त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढं फौजेतल्या मोटारसायकलवाल्यांच्या डोक्यांच्या दुखापती अभ्यासल्या, 1941 मध्ये त्यावर लिहिलं, आणि टणक हेल्मेटाचा आग्रह तिथून धरला गेला. आपल्याकडं आयएस 4151 हे मानक आहे, त्यात चामडी टोपी बसत नाही. सगळं नीट ऐकून घेऊन तरुण म्हणाला, "पण फोटोपुरती?" फोटोपुरती करून दिली. आत मोठ्या अक्षरांत 'गाडी उभी असतानाच' असा ठसा मारून.

पाऊस हा आमच्या धंद्याचा वार्षिक परीक्षक. लोक जुलैत गगनबावड्याला जातात, कारण धुक्यात बुलेट छान दिसते. परततात ते बॅगेवर हिरवी लव घेऊन. बुरशी बघून माणूस घाबरतो आणि बॅग उन्हात टाकतो; मग चामडं पापडासारखं कडक होतं आणि तो मला फोन करतो. बुरशी पुसावी, सावलीत वाळू द्यावं, पुरतं वाळल्यावर थोडं तेल चोळावं, एवढंच करायचं असतं. पण "थोडं" हे माप बुलेटवाल्याला ठाऊक नसतं. एकानं इतकं तेल पाजलं की बॅगेतल्या त्याच्या लायसनवरचा फोटो पारदर्शक झाला.

या सगळ्या गर्दीत काम नेमकं सांगणारा माणूस एकच आला. करवीर तालुक्यातल्या एका गावाहून रोज दूध घालायला येणारा. गाडी राजदूत, दोन्ही बाजूंना चाळीस लिटरचा एकेक कॅन. त्यानं ना फोटो दाखवला, ना ब्रँडोचं नाव घेतलं. खिशातून गाठी मारलेली सुतळी काढली आणि म्हणाला, "ही गाठ ते ही गाठ कॅनचा घेर. ही गाठ ते ही गाठ सीटखालनं पलीकडं. पहाटे चारला खड्ड्यात कॅन वाजत्यात आणि कुत्री मागं लागत्यात. कुत्री बंद करा."

इतकं स्वच्छ काम मला फाउंड्रीतही कुणी सांगितलं नव्हतं. चाळीस लिटर दूध म्हणजे चाळीस किलोच्या वर, त्यात कॅनचं वजन वेगळं. कण्याजवळचा सर्वांत जाड पट्टा काढला, कॅन जिथं सळईला घासतो तिथं आतून दुपदरी ठिगळ दिलं, टाके तात्यांनी घातले. कडा घोटून चमकवायला घेतल्या तेव्हा तो म्हणाला, "त्याचं पैसं धरू नका, शेणच लागणार हाय." आठवड्यानं निरोप आला की कुत्री झोपतात.

हा पट्टा रंकाळ्याजवळच्या चहाच्या गाडीवर कुठल्याशा रायडर ग्रुपनं पाहिला. दुधाचे ओघळ, शेण, उन्हानं पडलेला तांबूस रंग. "हे लई रॉ दिसतंय, भावा," म्हणून पत्ता विचारत चौघंजण माझ्याकडे आले. मी त्या नमुन्याला 'मिल्कमन' असं नाव दिलं, किंमत तिप्पट केली आणि चार पट्टे विकले. रंग मात्र त्यांनी काळा मागितला.

ही बातमी राजदूतवाल्याच्या कानावर गेलीच. एका दुपारी रिकामे कॅन घेऊन तो दारात उभा राहिला.

"त्या पोरांच्या गाडीला कॅन कुठं हायत?"

"नाहीत."

"मग पट्टा धरतोय काय?"

"काही नाही. फोटोत बरा दिसतो."

त्यानं आपल्या पट्ट्याकडं पाहिलं, भिंतीवरच्या काळ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा खिशातून सुतळी काढली.

"मलाबी एक काळा करा," तो म्हणाला. "रविवारला."